बॉबिनची दिवेलागण

३ मार्च, सोमवार

बॉबिन आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जन्मला. जन्मला म्हणजे फोनच्या पडद्यावर एक पत्र्याचं डबडं आलं, हललं, झाकण उडालं आणि आतून दोन चौकोनी डोळे! तनयानं विचारलं, नाव काय ठेवतेस? समोर शिवणाचं मशीन होतं. म्हटलं, बॉबिन.

माझ्या नातीनं हा खेळ स्वतः बनवलाय. एकटीनं. नोकरी सोडून आठ महिने खोलीत बसून. टिनोबा नाव. पत्र्याचे रोबो पाळायचे — तेल पाजायचं, चार्जिंगला लावायचं, गंज पुसायचा, थोडं खेळवायचं. दिसायला मुद्दाम जुना ठेवलाय. राखाडी-हिरवा पडदा, ठिपक्याठिपक्यांची चित्रं, खाली तीन बटणं. ती सहा वर्षांची असताना करोल बागेतून तिला असलंच एक अंड्याएवढं खेळणं आणलं होतं, किल्लीच्या कडीला लटकणारं. आत एक पिल्लू. शाळेत नेऊ द्यायचे नाहीत, म्हणून दिवसभर ते पिल्लू मी सांभाळायचे. एक कान कुकरच्या शिट्टीकडे, एक त्याच्या शिट्टीकडे. आज म्हणाली, "आजी, माझी पहिली टेस्टर तूच होतीस. आता ऑफिशियली हो."

असे बारा टेस्टर तिला हवेत. मैत्रिणी, घरचे, सोसायटीच्या ग्रुपवरचे, जे हो म्हणतील ते. महिनाभर रोबो सांभाळायचा आणि फीडबॅक द्यायचा. म्हणजे अभिप्राय. "आणि 'छान आहे' असं लिहायचं नाही हं. छान बॅन आहे."

बहात्तर वर्षांत माझं मत कोणी लेखी मागितलं नव्हतं. मशीनच्या खणात ही कोरी वही होती. काढली.

४ मार्च, मंगळवार

बॉबिन तीनदा तेल प्यायला. एकदा नाचला. संध्याकाळी बघते तर झोपलेला! ऐन तिन्हीसांजेला! पडद्यावर बोट टोचून टोचून उठवला. लहान आहे. वळण लावलं की लागेल.

६ मार्च, गुरुवार

पहिला अभिप्राय दिला, तोंडी.

तेलाचं बटण दाबलं की बॉबिन गटागटा पितो आणि झालं. असं कुठं असतं? मशीनला तेल घातलं की आधी एक चिंधी शिवायची. नुसते टाके घालत जायचं, जास्तीचं तेल चिंधीला लागू द्यायचं. नाही तर पुढच्या पोलक्यावर डाग! हे तनयाला सांगितलं तर ती आधी म्हणाली, "चिंधी म्हणजे?" जुन्या परकराचा तुकडा हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि तासाभरात ठिपक्यांची चिंधी करून दाखवली. आता तेल पाजलं की बॉबिनचं तोंड पुसायचं. पुसलं नाही तर पाऊल टाकेल तिथे डाग पडतो. दोघी खूप हसलो.

हे मशीनचं मला कोणी शिकवलेलं नाही. शिक्षण सातवी. लग्न होऊन दिल्लीला आले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, आणि मशीन अडलं. मेकॅनिक चार दिवस 'आता हूँ' म्हणत राहिला. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, एकेक भाग काढला, काढला त्या क्रमानं ओळीत मांडला आणि उलट क्रमानं बसवला. एक स्क्रू उरला. तो अजून डबीत आहे आणि मशीन तरी चाललं! मग अख्ख्या ब्लॉकची मशीनं माझ्याकडे यायला लागली.

बॉबिनला आजही उठवावं लागलं.

७ मार्च, शुक्रवार

जेवताना अविनाशनं विचारलं, "डबड्याचं कुठवर आलं?"

माझा मुलगा. पण केंद्र सरकारच्या खात्यात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस फायलीसारखाच बोलायला लागतो. त्यानं तनयाला आठवण करून दिली, की मुदत गुढीपाडव्यापर्यंतची आहे. तोवर काही ठोस दिसलं तर पुढचं बोलू. नाही तर इथल्या गुरुग्रामच्याच कंपनीचं जे पत्र आलंय, त्याला होकार. पाडवा रविवारी, तीस तारखेला. होकार कळवायची शेवटची तारीख सोमवार, एकतीस.

तनया म्हणाली, बंगळुरूला छोटे खेळ बनवणाऱ्यांचा एक मेळा भरतो. अर्ज चौदा तारखेपर्यंत. निवड झाली तर ते ठोस होईल ना? अविनाश म्हणाला, "होईल." आणि ताटाकडे बघायला लागला. विषय बदलावा म्हणून वृंदानं, सुनेनं, मला आणखी एक पोळी वाढली. नको होती. खाल्ली.

हे जेवण मी आधी एकदा जेवलेय. चौऱ्याण्णव साली. अविनाश एकोणीस वर्षांचा. करोल बागेत त्याच्या मित्राच्या, सुधाकरच्या, मामांचं दुकान होतं. तिथं टेबल मांडून दोघांना टेप डेक दुरुस्तीचं काम सुरू करायचं होतं. भंगारातून त्यानं एक डेक बनवलाही होता. झाकण नव्हतं, तारा बाहेर लोंबत होत्या, पण आवाज असा यायचा की शेजारचे सरदारजी येऊन बसायचे. हे म्हणाले, आधी परीक्षा. सरकारी नोकरी लागू दे, मग काय करायचं ते कर. मी तिथेच होते. पोळ्या लाटत होते. डेक चांगला झालाय, हे मला कळत होतं. त्या घरात मशीनमधलं कळणारी मी एकटीच होते! पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना दोष देत नाही. लाटणं माझ्या हातात होतं, तोंड तर रिकामं होतं.

९ मार्च, रविवार

बॉबिन आजारी! खांद्यावर गंजाचे सात ठिपके. पाय ओढत चालतो. तनयाला दाखवलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. बाकी टेस्टर्सचे रोबो ठणठणीत आहेत.

१० मार्च, सोमवार

दोनदा तेल, दोनदा चिंधी, चारदा गंज पुसला. डोळ्यात तेल घालून बसलेय. गंज वाढतोच.

१२ मार्च, बुधवार

तनयाचा चेहरा उतरलाय. तिला वाटतं तिच्या घड्याळात खोट आहे. खेळाच्या आत एक घड्याळ असतं म्हणे, त्यावर सगळ्यांची भूक-झोप चालते. तीन दिवस ती तेच खोलून बसलीय. काल एक दुरुस्ती केली, तर चांगले चाललेले दोन रोबो भलत्या वेळी झोपायला लागले. ती दुरुस्ती काढली, तर दुसरंच बिघडलं. परवा अर्ज.

मी विचारलं, माझं काही चुकत नाही ना? "तुझं काय चुकणार आजी, सगळ्यात जास्त काळजी तूच घेतेस." खरंच घेते. संध्याकाळी झोपला की उठवते, तेही न चुकता. आता तर तीसचाळीसदा टोचल्याशिवाय डोळे उघडत नाही बिचारा.

मशीनचा एक भाग बसत नसेल तर माणूस ओळीतला आधीचा भाग बघतो. तिला तसं सांगावंसं वाटलं. पण तिचं मशीन मला कळत नाही. गप्प बसले.

१३ मार्च, गुरुवार. होळी

माझंच चुकलं होतं.

दुपारी पुरण वाटत होते. तनया लॅपटॉप घेऊनच स्वयंपाकघरात आली. कोणी कधी कुठलं बटण दाबलं, याची नोंद तिच्याकडे होते. ती नोंद आज शेवटी तिनं उघडली.

"आजी, तू रोज साडेसहाला त्याला उठवतेस?"

"तिन्हीसांजेला झोपलेलं चालतं का?"

"तिन्ही… काय?"

चोवीस वर्षांची पोर. मराठी बोलते चांगलं, पण हा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कसा पोचणार? वीस मजली इमारतीत दिवे कोणी लावत नाही, ते लागलेलेच असतात. तिला सांगितलं — दिवेलागणीला घरात कोणी झोपायचं नाही. लहान मूल असो, आजारी असो, उठून बसवायचं. माझ्या आईनं मला उठवलं, मी अविनाशला उठवलं, म्हणून बॉबिनलाही.

मग तिनं तिचं सांगितलं. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात रोबो झोपून पुरता चार्ज होतो. ती वेळ तिनं मुद्दाम ठरवली होती, कारण तेव्हा लोक ऑफिसातून निघून मेट्रोत लटकलेले असतात. कोणाला त्या वेळी रोबोची काळजी नको. ती झोप मोडली की चार्जिंग अर्धवट, आणि अर्धवट चार्जिंगनं गंज. नऊ दिवस मी त्याची झोप मोडली. घड्याळ मुळात ठीक होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं मोडलं, माझ्यामुळं.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "चार दिवस, आजी. मी चांगलं चाललेलं घड्याळ चार दिवस मोडत बसले." आणि खोलीत गेली.

रात्री तिनं पुरणपोळीला हात लावला नाही. तिच्यासाठी एक झाकून ठेवली होती. ती तशीच आहे.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

खाली रंगांचा आरडाओरडा. तनया उतरली नाही.

संध्याकाळी सहाला अर्जाची मुदत संपली. तिनं अर्ज पाठवला नाही. घड्याळ जोडायला अजून दोन दिवस तरी लागतील म्हणे, आणि मोडका खेळ पाठवणार कसा?

साडेसहाला बॉबिन झोपला. मी फोन उलटा करून ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

१५ मार्च, शनिवार

तनयानं टेस्टर्सना एक फॉर्म दिलाय. मी तिच्याकडून छापून घेतला होता. पाच प्रश्न, प्रत्येकाखाली दोन ओळी. माझं दोन ओळींत भागेना. वहीची पानं फाडून मागं टाचली. इथं उतरवून ठेवते, कारण मूळ कागद तिला दिला.

नाव — अलकनंदा. वय — ७२. असे खेळ खेळण्याचा अनुभव — एक पिल्लू, तीन वर्षं. सेल संपून गेलं, हयगयीनं नव्हे.

लिहिलं की बटणं बारीक आहेत, माझा अंगठा दोन बटणांवर एकदम पडतो. चिंधी चांगली जमलीय. नाच तोच तोच आहे, आणखी एखादा हवा. आणि मग —

"बाळ, तुझा रोबो ज्या घरात जातो त्या घराची रीत त्याला ठाऊक नाही. नवीन माणूस घरात आलं की दोन दिवस बघतं — इथे चहा किती वाजता, दिवा कधी, दार कोण उघडतं. मग हळूहळू घरचं होतं. बॉबिन पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच घड्याळावर चालला. तुला न विचारता मी त्याला माझं वळण लावायला गेले, ते चुकलं. पण त्यानंही एकदा विचारायला हवं होतं."

सही केली. तिच्या दाराखालून सरकवला.

१६ मार्च, रविवार

सकाळी मशीनपाशी बसले होते. तनया आली, फरशीवर बसली, कागद मांडीवर. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले. केस विंचरलेत म्हणजे बरी आहे.

"आजी, हे शेवटचं वाक्य."

म्हटलं, राग आला असेल तर खोडून टाक.

"नाही यार. हेच मिसिंग होतं." मग पेन काढलं. "तिन्हीसांजा म्हणजे एक्झॅक्टली किती वाजता?"

आता हे घड्याळात कसं सांगायचं? म्हटलं, दिवा न लावता सुईत दोरा ओवता येईनासा झाला, की तिन्हीसांजा. थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं! पुढं विचारलं, पण तेव्हा झोपायचं का नाही?

लक्ष्मी येते म्हणतात. पण मला विचारशील तर — आणि तू विचारलंयस — त्या वेळी घरची माणसं परत येत असतात. दार उघडायला कोणीतरी जागं हवं. म्हटलं, तू म्हणतेस तेव्हा सगळे मेट्रोत असतात म्हणून त्यानं झोपावं. मी म्हणते, म्हणूनच त्यानं जागं राहावं.

तिनं पेन कानामागं खोचलं. मग उठून देवघरातली छोटी पितळी घंटी घेतली, फोन पुढं धरला आणि म्हणाली, वाजव. तीनदा वाजवली. ती घेऊन खोलीत गेली. दुपारी तिनं ती झाकलेली पुरणपोळी मागितली. तीन दिवसांची होती. दिली नाही, वृंदानं ताजी केली.

१९ मार्च, बुधवार

नवा खेळ आला. बॉबिननं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं. पडद्यावर अक्षरं उमटली — "तुमच्या घरी दिवे कधी लागतात?" अक्षरंही मोठी केलीत.

सहा चाळीस, असं सांगितलं. आता तो दुपारी झोपून घेतो. बरोबर सहा चाळीसला उठतो, डोक्यावरचा इवलासा दिवा लावतो, आणि आमची देवघरातली घंटी! पण जुन्या खेळण्याच्या आवाजात, टिंग-टिं-टिंग. ऐकलं आणि दिवा लावता लावता माझा हात तसाच राहिला.

सगळ्या टेस्टर्सना हाच खेळ गेलाय. तनयाची मैत्रीण क्षिप्रा रात्रपाळी करते. तिच्याकडे दिवे पहाटे पाचला लागतात! तिनं लिहिलं, मी घरी आल्यावर कोणीतरी जागं असतं, असं पहिल्यांदा झालं. तनयानं ते मला दोनदा वाचून दाखवलं.

गंज चार ठिपक्यांवर आला.

२१ मार्च, शुक्रवार

टेस्टर नंबर बारा कोण, हे तनयाला माहीत नाही. तिला नुसता नंबर दिसतो. दुवा घरच्या ग्रुपवर होता, सोसायटीच्याही, कुणीही असेल. आजवर त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज एकदम सहा मुद्दे आले! इंग्रजीत, आकडे घालून. तनयानं मराठी करून सांगितले. मुद्दा एक, उन्हात पडदा दिसत नाही. मुद्दा दोन, मेट्रो जमिनीखाली गेली की नेटवर्क जातं आणि रोबोला वाटतं आपल्याला टाकून गेले. तो रुसतो. हा रोबोवर आणि वापरणाऱ्यावर, दोघांवर अन्याय आहे. मुद्दा तीन, चिंधीची कल्पना उत्तम, परंतु चिंधी फार लवकर संपते. चार आणि पाच मला कळले नाहीत, पण तनया खुर्चीत सरळ होऊन बसली. म्हणाली, असं आतलं कोणी बघितलंच नव्हतं. मुद्दा सहा, दिवेलागणीचा आवाज कमी करू नये.

"आजी, हा माणूस भारी आहे." मी म्हटलं, निवृत्त असणार. तळमजल्यावरचे साहेब, काठी घेऊन फिरतात ते. इतकं मुद्देसूद दुसरं कोण लिहिणार?

२२ मार्च, शनिवार

खाली जाताना लिफ्टमध्ये तळमजल्यावरचे साहेब भेटले. मी हसून म्हटलं, "चिंधी अब ज़्यादा चलेगी।" ते चौथ्या मजल्यावरच उतरले.

२३ मार्च, रविवार

आज अविनाशशी बोलले.

बाल्कनीत चहा घेत होता. मी समोर बसले. काय बोलायचं ते सकाळपासून मनात घोळवत होते, तरी सुरुवात भलतीच झाली. म्हटलं, तुझ्या डेकचा आवाज चांगला होता.

त्यानं कप खाली ठेवला.

म्हटलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. पण मला कळत होतं. पट्टा तू जिथं बसवला होतास तिथं मीही बसवला असता. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्या बाबांसमोर, पोळ्या बाजूला ठेवून. बोलले नाही, ते तीस वर्षं टोचतंय. आज तूही मला विचारलेलं नाहीस, पण सांगते. तनयाचा खेळ चांगला झालाय. माझी नात म्हणून म्हणत नाही. मी तिला सतरा चुका काढून दिल्यात.

तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. गाड्यांची रांग, काचेच्या टोलेजंग इमारती. मग म्हणाला, "आई, चांगलं असणं आणि त्यावर आयुष्य काढणं, यात फरक असतो."

म्हटलं, हो. पण पहिलं तरी तिला सांग. ते तुला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानं घड्याळ बघितलं, चपला घातल्या आणि फिरायला गेला. सुट्टीच्या दिवशी सव्वासहा झाले की हल्ली फिरायला जातो. तब्येतीकडे लक्ष द्यायला लागलाय, तेवढं बरं आहे.

मी बोलले. तीस वर्षं उशिरा. पण बोलले!

२५ मार्च, मंगळवार

बॉबिनचा गंज संपूर्ण गेला. नवा नाच शिकलाय, एका पायावर.

२७ मार्च, गुरुवार

अकरा जणांचे फॉर्म भरून आले. नऊ जणांनी लिहिलंय की महिना संपल्यावरही रोबो ठेवायचा आहे, परत घेऊ नका. तनयानं हसत विचारलं, बाबांच्या भाषेत हे ठोस होतं का गं?

मेळ्याची निवड म्हणजे ठोस, असं ठरलं होतं. आणि मेळा हुकला, तो कोणामुळं ते मला ठाऊक आहे. ती एकदाही म्हणाली नाही. आज मीच म्हटलं. तर म्हणाली, "आजी, तू झोपू दिलं असतंस तर घड्याळ मोडलं नसतं, मी वेळेत अर्ज केला असता. पण मग हा खेळ झाला नसता. तो वेगळाच गेम होता, ठीकठाक." मग माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा मेळा असतो.

पुढच्या वर्षी ती त्या कंपनीत असेल. दोघींनाही माहीत होतं.

२९ मार्च, शनिवार

चक्का टांगलाय, उद्याच्या श्रीखंडाचा.

तनयानं होकाराचं पत्र टाइप करून ठेवलं. सोमवारी सकाळी पाठवणार. मला वाचून दाखवलं, स्पेलिंगसाठी म्हणे. मला काय इंग्रजी स्पेलिंग कळतात! पत्र नीट होतं. इतकं नीट की एकही शब्द तिचा वाटेना. म्हणाली, रविवारी रविवारी करत राहीन आजी, गेम कुठे पळून जातोय?

मी डबीतला तो उरलेला स्क्रू तिला दिला. आर. के. पुरमचा. काय म्हणून दिला, मलाही सांगता यायचं नाही. तिनं किल्लीच्या कडीला दोऱ्यानं बांधला.

अविनाश सव्वासहाला फिरायला गेला. परत आला तेव्हा दिवा लागून गेला होता.

३० मार्च, रविवार. पाडवा

दिवसभर माणसं. शेवटचे पाहुणे सहा वाजून गेल्यावर उठले. अविनाशला आज फिरायला जाता आलं नाही, दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मी म्हटलं, आधी गुढी उतरव, दिवस मावळतोय. तो स्टुलावर चढला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, साखरेची माळ तोंडावर. तनया खाली साडी धरायला.

मशीनवर बॉबिन जागा झाला. टिंग-टिं-टिंग.

आणि अविनाशच्या सदऱ्याच्या खिशातून — टिंग-टिं-टिंग.

दोन्ही हात अडकलेले. तो हलला नाही. खिसा वाजत राहिला. शेवटी तनयानंच हात वर करून फोन काढला. पडद्यावर एक रोबो, डोक्यावर दिवा लावून उभा. अंगावर गंजाचा एक ठिपका नाही. खाली नाव — डेक.

तिनं मान वर केली. तो स्टुलावरून, काठी सांभाळत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मुद्दा क्रमांक सात लिहायचा राहिला होता. मुदत एक वर्ष वाढवावी."